सूर्य आपला, पडदा परक्याचा!

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मान्यता दिली, तेव्हा १९,७४४ कोटी रुपयांचा आकडा सर्वत्र ठळकपणे झळकला. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन, सव्वाशे गिगावॉटची नवी अक्षय ऊर्जा, सहा लाख रोजगार आणि इंधनाच्या आयातीत एक लाख कोटींहून अधिक बचत, असे कोणाही देशाभिमानी नागरिकाचे मन सुखावणारे हे चित्र होते. त्याच निवेदनात आणखी एक आकडा होता. त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. संशोधन आणि विकासासाठी ४०० कोटी! म्हणजे शंभर रुपयांतील अवघे दोन. उरलेल्यांपैकी १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर बनविणाऱ्यांना व हायड्रोजन निर्माण करणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून द्यावयाचे आणि १,४६६ कोटी प्रायोगिक प्रकल्पांना.

उद्योगांना उत्तेजन देण्यात गैर काही नाही. परंतु हे उत्तेजन अखेरीस कोणाच्या ज्ञानाची किंमत चुकती करणार आहे, हा प्रश्न अभियानाच्या गुणगानात रमलेल्यांनी विचारला नाही आणि त्यावर नेहमीप्रमाणे तुटून पडणाऱ्यांनीही विचारला नाही. टीकाकारांचा सारा भर कोणत्या उद्योगपतीच्या पदरात काय पडले यावर. तंत्रज्ञान ही बाजारातून तागडीत तोलून आणावयाची वस्तू आहे, याबद्दल जणू दोन्ही पक्षांचे एकमतच झालेले!

इलेक्ट्रोलायझर म्हणजे विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करणारे संयंत्र. त्याची पोलादी चौकट, पंप, नळ्या, टाक्या हे सारे भारतात उत्तम बनते. त्याचा प्राण मात्र दोन विद्युत्-अग्रांच्या मध्ये बसविलेल्या पातळ पटलात असतो. व्यवहारात त्याला मेम्ब्रेन म्हणतात. पटलाच्या एका बाजूस हायड्रोजन निघतो, दुसऱ्या बाजूस ऑक्सिजन. आणि पटलाने विद्युत्भारित कण तेवढे पलीकडे जाऊ द्यायचे व वायूंना एकमेकांपासून दूर ठेवायचे, असे त्याचे काम. या पटलांपैकी सर्वांत नावाजलेले ‘नाफिऑन’ अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी १९६० च्या दशकात तयार केले. २०१५ पासून ते केमूर्स या कंपनीकडे आहे. अल्कधर्मी पद्धतीच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये वापरले जाणारे ‘झिरफॉन’ बेल्जियमच्या आग्फा कंपनीचे. नाफिऑनबरोबर जो इरिडियम धातू लागतो, त्याचे साऱ्या जगाचे वार्षिक उत्पादन सात-आठ टनांच्या घरात आणि त्याचा बहुतांश भाग दक्षिण आफ्रिकेतला. वीज ज्या सौर पॅनेलांतून यावयाची, त्यांच्या उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक असल्याचे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये सांगितले. थोडक्यात, सूर्य भारताचा, पाणी भारताचे, भूमी भारताची, करदात्याचा पैसाही भारताचा. आणि ज्या कागदासारख्या पापुद्र्यात सारे मर्म दडलेले आहे, तो तेवढा परक्याचा.

परक्यांचा भरवसा किती धरावा? नाफिऑन ज्या फ्ल्युओरीनयुक्त रसायनांच्या कुळातले, त्या साऱ्या कुळावरच निर्बंध घालण्याचा प्रस्ताव युरोपात २०२३ च्या प्रारंभी पुढे आला. ‘थ्री-एम’ या अमेरिकी कंपनीने तर २०२५ अखेर या रसायनांच्या उत्पादनातून बाहेर पडण्याची घोषणा २०२२ च्या डिसेंबरातच केली. ती भारताला अडचणीत आणण्यासाठी केलेली नव्हती, हे खरे. पण ज्याचे ज्ञान त्याचा निर्णय. ग्राहकाला कोणी विचारीत नाही.

साहिबाबादचा विसरलेला धडा

हे सारे या देशाने एकदा अनुभवलेले आहे. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने भारतातील पहिला सौर घट १९७७ साली बनविला आणि पहिले सौर पॅनेल १९७८ साली. चीनच्या सौर उद्योगाचे नावही तेव्हा जगाला ठाऊक नव्हते. पुढे काय झाले? घट बनला, त्याची छायाचित्रे निघाली, प्रदर्शने भरली; पण घटाच्या पोटातील सिलिकॉन शुद्ध करण्याची विद्या, त्याच्या वड्या पाडण्याची यंत्रे, त्या यंत्रांचे सुटे भाग यांच्यामागे सातत्याने लागणारा पैसा आणि माणसे देशाने उभी केली नाहीत. चाळीस वर्षांनी राजस्थान-गुजरातच्या वाळवंटांत सौर उद्याने उभी राहिली, तेव्हा बहुसंख्य पॅनेले चीनमधून जहाजाने आली. आता देशात पॅनेल जोडणारे कारखाने निघाले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे, हे मोबाइलच्या बाबतीतही कळलेले आहे आणि औषधांच्या कच्च्या मालाच्या बाबतीतही.

याच्या उलट उदाहरणही याच देशातले आहे. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दडपणाखाली रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्र देण्याचे नाकारले. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी हाय खाल्ली नाही. अपयशे आली, २०१० मध्ये स्वदेशी इंजिन असलेले उड्डाण फसले. तरीही काम थांबले नाही आणि जानेवारी २०१४ मध्ये स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाने उपग्रह कक्षेत पोचविला. वीस वर्षे लागली. त्या वीस वर्षांत इस्रोला कोणी ‘येत्या आर्थिक वर्षात किती किलो उत्पादन?’ असे विचारले असते, तर ते इंजिन आजही आयातच करावे लागले असते.

तुळशीच्या पानातले रहस्य

पाण्यापासून हायड्रोजन मिळविण्याचा दुसराही मार्ग आहे. तो अद्याप कोणाच्याही मालकीचा झालेला नाही, आणि म्हणूनच आज त्याची चर्चा अगत्याची आहे. या मार्गात सौर पॅनेल नाही, विजेच्या तारा नाहीत, वेगळा इलेक्ट्रोलायझर नाही. प्रकाश-उत्प्रेरक पदार्थाचा थर दिलेले पटल पाण्यात ठेवायचे, त्यावर ऊन पडू द्यायचे आणि पाण्याचे विघटन तिथल्या तिथे घडवून आणायचे.

ऐकायला हे जादूसारखे वाटते. पण अंगणातल्या तुळशीचे प्रत्येक पान सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचे विघटनच करीत असते. पानाच्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म पटलांच्या चवडी रचलेल्या असतात. त्या पटलांत बसलेला मँगॅनीज व कॅल्शियमचा एक छोटासा पुंजका पाण्याचे रेणू फोडतो. ऑक्सिजन बाहेर पडतो, आणि हायड्रोजनचे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन वेगळे होऊन वनस्पतीचे अन्न बनविण्याच्या कामी लागतात. पटल नसेल तर वेगळे झालेले कण पुन्हा एकत्र येतील आणि सारी मेहनत वाया जाईल. फोडण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व आहे ते फोडलेले वेगळे राखण्याला. प्रकाश-उत्प्रेरणाच्या साऱ्या शास्त्राची ग्यानबाची मेख इथे आहे.

मानवाला हे प्रथम साधले ते जपानमध्ये. टोकियो विद्यापीठात केनिची होंडा यांच्या हाताखाली शिकणाऱ्या अकिरा फुजिशिमा या विद्यार्थ्याला १९६७ साली असे दिसले की, टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रकाश टाकला की पाण्यात बुडबुडे येतात. स्फटिकापाशी ऑक्सिजन, आणि तारेने जोडलेल्या प्लॅटिनमपाशी हायड्रोजन. १९७२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी तेलसंकट उद्भवले आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वळले. तेल पुन्हा स्वस्त झाल्यावर बहुतेकांचे लक्ष उडाले, हे सांगायला नकोच.

अडचण खरी होती. टायटॅनियम डायऑक्साइडला जागे करण्यास अतिनील किरण लागतात आणि सूर्यप्रकाशात त्यांचे प्रमाण जेमतेम चार-पाच टक्के. शिवाय उत्प्रेरकाची भुकटी पाण्यात ढवळून ठेवली, तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच जागी, एकाच वेळी निघतात. त्यांचे मिश्रण म्हणजे स्फोटक, ठिणगीचा अवकाश. ठिणगी न पडली तरी प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर दोघे पुन्हा मिळून पाणी होतात ते वेगळेच. म्हणून पटलाची कल्पना पुढे आली: एका अंगाला प्रकाश-उत्प्रेरकाचा थर, दुसऱ्या अंगाला प्लॅटिनम, आणि दोन्ही बाजूंचे पाणी प्रोटॉनवाहक पटलाने विभागलेले. एकीकडे ऑक्सिजन, दुसरीकडे हायड्रोजन. ओसाका परिसरातील मासाकाझु आन्पो व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि इटलीत मिलान विद्यापीठात एलेना सेल्ली यांच्या गटाने २००७ च्या आगेमागे अशा रचना करून दाखविल्या. तुळशीच्या पानाची ही अगदी प्राथमिक नक्कल. पण त्या नक्कलीतही प्रोटॉनवाहक पटल म्हणून वापरले जाते ते बहुधा नाफिऑनच. मूळ दुखणे तेथेही सुटलेले नाही.

जपानची चिकाटी मात्र दाद देण्याजोगी. काझुनारी डोमेन आणि त्यांचे सहकारी या एकाच प्रश्नाला दशकानुदशके चिकटून राहिले. २०२० मध्ये त्यांनी अ‍ॅल्युमिनियममिश्रित स्ट्रॉन्शियम टायटनेटचा असा उत्प्रेरक दाखविला की, विशिष्ट तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाचे जेवढे कण तो शोषतो त्यांतील जवळजवळ सर्वच, म्हणजे ९६ टक्क्यांपर्यंत, पाणी फोडण्याच्या कामी येतात. २०२१ मध्ये त्यांनी इबाराकी प्रांतातील काकिओका येथे मोकळ्या मैदानात १०० चौरस मीटरचा पट उभारल्याचे प्रसिद्ध केले. सुमारे १,६०० लहान चौकटी, काच आणि उत्प्रेरकाचा थर यांच्या मध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी फट, आणि निघालेल्या मिश्र वायूतून हायड्रोजन गाळून घेण्यासाठी पॉलिइमाइडचे पटल. संशोधकांनी वायूला मुद्दाम ठिणगी लावूनही पाहिले. संयंत्र शाबूत राहिले. असा पट कित्येक महिने सुरक्षित चालला.

आणि त्याची सौर कार्यक्षमता? जास्तीत जास्त ०.७६ टक्के.

‘एवढ्यासाठी हा खटाटोप?’

इथे व्यवहारी माणूस हसतो, आणि त्याचे हसणे समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात एक चौरस मीटर जागेवर दिवसाला सरासरी पाच युनिट सौर ऊर्जा पडते असे धरले, तर काकिओकाच्या कार्यक्षमतेने त्यातून जेमतेम एक ग्रॅम हायड्रोजन मिळेल. तेवढ्याच जागेत चांगले सौर पॅनेल लावून त्याची वीज इलेक्ट्रोलायझरला दिली, तर अठरा-एकोणीस ग्रॅम. हायड्रोजनवरील मोटारीला शंभर किलोमीटरला सुमारे एक किलो हायड्रोजन लागतो. म्हणजे काकिओकाचा सारा पट दिवसभर तळपला तरी मोटार दहा-बारा किलोमीटर जाईल. आज कोणी प्रकाश-उत्प्रेरक पटलांचा कारखाना काढू म्हणाला, तर त्याला वेड्यात काढावे लागेल.

परंतु १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौर घट बनला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सहा टक्के होती आणि त्याची किंमत कोणाही गृहस्थाच्या आवाक्याबाहेरची. त्या वेळी हसलेल्यांची नातवंडे आज घराच्या गच्चीवर अनुदान घेऊन पॅनेले बसवीत आहेत. प्रकाश-उत्प्रेरणातही आकडे हलू लागले आहेत. मिशिगन विद्यापीठात झेटियन मी यांच्या गटाने २०२३ मध्ये इंडियम-गॅलियम नायट्राइडच्या उत्प्रेरकावर एकवटलेला प्रकाश टाकून, प्रयोगशाळेत ९.२ टक्के आणि उघड्यावर, खऱ्या सूर्यप्रकाशात ६.२ टक्के कार्यक्षमता मिळविली. त्यासाठी गॅलियम-इंडियमसारखे महाग धातू लागले, हा भाग वेगळा. दहा टक्क्यांवर स्वस्त आणि टिकाऊ पटल मिळाले, तर त्याच चौरस मीटरमधून दिवसाला पंधरा ग्रॅम हायड्रोजन मिळेल, आणि तोही तारांशिवाय, इरिडियमशिवाय, चिनी सिलिकॉनशिवाय. अभियानाचे ५० लाख टन इलेक्ट्रोलायझरने काढायचे तर वर्षाला सुमारे २६,००० कोटी युनिट वीज लागेल. देशाच्या सध्याच्या एका वर्षाच्या एकूण वीजनिर्मितीच्या सातव्या हिश्शाच्या आसपास. त्यातला काही भाग जरी विजेविना निघाला, तरी तो हिशेब बदलतो.

‘आधी प्यायला पाणी द्या, मग ते फोडा’ हा मराठवाड्यातून येणारा आक्षेप भावनेच्या दृष्टीने रास्त आहे. पण हिशेबात तो टिकत नाही. एक किलो हायड्रोजनला तत्त्वतः नऊ लिटर पाणी लागते. ५० लाख टनांना सुमारे दीड टीएमसी. शुद्धीकरण आणि थंडाव्याचे धरून दुप्पट-तिप्पट म्हणा. एकट्या कोयनेची साठवणक्षमता १०५ टीएमसी आहे.

खरे शत्रू हसणारे नाहीत. ते दुसरीकडे आहेत, आणि त्यांतले काही राष्ट्राभिमानाचा टिळा लावून वावरतात. पाण्यावर चालणारी मोटार, पाण्यावर जळणारी शेगडी यांच्या चित्रफिती दर महिन्या-दोन महिन्यांनी घरोघरच्या मोबाइलवर फिरतात आणि ‘हे तंत्र परकीय तेलकंपन्यांनी दाबून ठेवले’ अशी पुस्ती जोडून सुशिक्षित कुटुंबेही त्या पुढे धाडतात. १९९६ साली वनौषधींपासून पेट्रोल काढल्याच्या तामिळनाडूतील एका दाव्याने असाच देश हलविला होता. शास्त्रज्ञांनी शंका घेतली तर त्यांनाच देशद्रोही ठरविण्यापर्यंत काहींची मजल गेली. २०१६ मध्ये त्या दावेदाराला फसवणुकीबद्दल न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा सुनावली. पाणी हे इंधन नाही, ती जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे. तिच्यातून पुन्हा इंधन काढायचे तर बाहेरून ऊर्जा ओतावीच लागते. ज्याला हे समजत नाही तो स्वदेशीचा पुरस्कर्ता नसून तिचा सर्वांत मोठा अपकारकर्ता आहे, कारण त्याच्यामुळे खऱ्या संशोधकाच्या पंक्तीला भोंदू येऊन बसतो. पुरातन ग्रंथांत हायड्रोजन शोधत बसणाऱ्यांनाही हेच लागू. पूर्वजांचा मान राखायचा तर प्रयोगशाळेत दिवा रात्री उशिरापर्यंत जळत ठेवला पाहिजे.

दुसरे शत्रू म्हणजे उद्दिष्टांचे कारखानदार. नियोजनाच्या कागदांवर हायड्रोजन आजचा नाही. राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा मंडळ २००३ मध्ये स्थापन झाले आणि २००६ मध्ये राष्ट्रीय आराखडा आला. त्यात २०२० पर्यंत हायड्रोजनवर चालणारी दहा लाख वाहने आणि १,००० मेगावॉट वीज, असे लक्ष्य होते. २०२० उजाडले. त्या ऑक्टोबरात बातमी आली ती पुण्यात इंधनघटावरील पहिल्या भारतीय नमुना-मोटारीच्या चाचणीची. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या शास्त्रज्ञांनी केपीआयटी या पुण्याच्याच कंपनीबरोबर ते काम केले होते आणि ते अभिमानास्पद होते. पण दहा लाख कुठे आणि चाचणीची एक मोटार कुठे! आराखड्याला कोणी जाब विचारला नाही. सरकारे बदलली, आराखडे बदलले, मधल्या आकड्यांना कोणी वाली उरला नाही.

दोरखंडाला चिकटलेली वाळू

१९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडले. जर्मनांना ते गॅसबत्तीच्या जाळीसाठी हवे होते. त्या वाळूसाठी युरोपीय कंपन्या केरळच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्याच वाळूत टायटॅनियमचे खनिज इल्मेनाइट विपुल आहे. केरळात चवरा, तामिळनाडूत मनवलकुरिची, ओडिशात छत्रपूर आणि आपल्या कोकणात रत्नागिरीचा किनारा. अनेक दशके ही वाळू कच्चीच परदेशी गेली, आणि तिच्यापासून बनणारा पांढराशुभ्र टायटॅनियम डायऑक्साइड, घराच्या भिंतीच्या रंगातला, दंतमंजनातला, मोठ्या प्रमाणात परदेशातून आला. केरळ सरकारची चवऱ्याची कंपनी तो देशात बनविते, पण देशाची भूक त्याहून कितीतरी मोठी. प्रकाश-उत्प्रेरणाचा आद्य पदार्थ हाच. डोमेन यांच्या स्ट्रॉन्शियम टायटनेटचा अर्धा पायाही हाच. ज्या किनाऱ्यावर तो पायलीने पडला आहे, त्या किनाऱ्याच्या देशाने त्याचे शास्त्र जपानकडून शिकावे, ही शरमेची गोष्ट नाही. शिकूनही पुढे न जावे, ही आहे.

माणसे नाहीत असेही नाही. वाराणसीच्या हिंदू विश्वविद्यालयात प्रा. ओंकारनाथ श्रीवास्तव यांनी हायड्रोजनला सारे आयुष्य वाहिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२१ मध्ये ते गेले. बंगळूरला प्रा. सी. एन. आर. राव यांच्या संस्थेत कृत्रिम प्रकाशसंश्लेषणावर काम झाले. पुण्याच्या सी-मेट संस्थेतील संशोधकांनी कोरियातील सहकाऱ्यांबरोबर कॅडमियम-इंडियम सल्फाइडचा एक प्रकाश-उत्प्रेरक २००६ मध्ये प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रचना झेंडूच्या फुलासारखी दिसते, म्हणून त्याला नावही झेंडूचेच दिले! दृश्य प्रकाशात हायड्रोजन सल्फाइड या तेलशुद्धीकरण कारखान्यांतील विषारी वायूपासून तो हायड्रोजन काढतो. भावनगरची मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था पाणी शुद्ध करणारी पटले कैक दशके बनवीत आली आहे. तरीही घरोघरच्या आरओ यंत्रात कारागीर जे मेम्ब्रेन बदलून देतो, त्याच्यावर बऱ्याचदा नाव असते परदेशी कंपनीचे. प्रयोगशाळेच्या फाटकापासून बाजाराच्या दारापर्यंतचा रस्ता कोणी बांधायचा, हेच इथे कधी ठरले नाही.

उद्योगांनी बांधायचा, असे उत्तर जगभर आहे. भारतात संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के (२०२०-२१), आणि त्यातही खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के. त्याच सुमारास चीन २.४ टक्क्यांच्या आसपास खर्च करीत होता, जपान तीनहून अधिक. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला, तेव्हा पाच वर्षांच्या ५०,००० कोटींपैकी ३६,००० कोटी बिगर-सरकारी स्रोतांतून येतील असे गृहीत धरले गेले. ज्या उद्योगांनी आजवर थैली सैल केली नाही, त्यांच्याच थैलीवर हा हवाला! जुलै २०२५ मध्ये संशोधन-विकास-नवोन्मेषासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर झाली. पण ती आहे तयारीची वरची पायरी गाठलेल्या तंत्रांसाठी. प्रकाश-उत्प्रेरक पटल त्या उंबऱ्याच्या खालीच राहते. जे तंत्र पिकले आहे त्याला पैसा आणि जे पेरायचे आहे त्याला शुभेच्छा, अशा शेतीतून पुढच्या हंगामाला बियाणेही शिल्लक राहत नाही.

दरम्यान चीन काय करतो? २०२१ साली, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर असलेल्या फुजिशिमांना त्यांच्या सहकाऱ्यांसह शांघायच्या विद्यापीठाने बोलावून घेतले. ज्या जपानने त्यांना घडविले, त्या जपानमध्ये त्यावर हळहळ व्यक्त झाली. ज्याने १९६७ साली पहिले बुडबुडे पाहिले, त्या माणसाची किंमत बीजिंगला कळते. इथे संशोधक विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने रखडते, काचेच्या एका उपकरणासाठी सर्वांत कमी बोली लावणाऱ्याची वाट पाहावी लागते, आणि तीन वर्षांचा प्रकल्प दुसऱ्या वर्षाचा हप्ता येईतो संपत आलेला असतो.

शर्यत अजून संपलेली नाही, हीच या क्षणाची संधी. काकिओकाच्या उत्प्रेरकालाही ऱ्होडियमचा अंश लागतो. ऱ्होडियम म्हणजे पुन्हा दक्षिण आफ्रिका. त्याच्या जागी लोह, निकेल किंवा कोबाल्ट कोण बसविणार? दृश्य प्रकाशातही तितक्याच निष्ठेने काम करणारा उत्प्रेरक कोण शोधणार? फ्ल्युओरीनविरहित, उन्हात न तडकणारे, दहा वर्षे टिकणारे प्रोटॉनवाहक पटल कोण ओतणार? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आज कोणापाशीही नाहीत, वॉशिंग्टनपाशी नाहीत आणि बीजिंगपाशीही. एकदा ती सापडली आणि पेटंटात बंद झाली, की मग पुन्हा तेच: निविदा, आयात, जोडणी, आणि ‘मेक इन इंडिया’चा शिक्का.

अभियानाच्या पुढील टप्प्यात संशोधनाचा वाटा शंभरात दोनवरून किमान दहावर न्यावा. त्यातला निश्चित भाग पंधरा वर्षांसाठी बांधून द्यावा, म्हणजे दर निवडणुकीनंतर त्याची फेरतपासणी होणार नाही. आणि सरकारी प्रोत्साहन घेणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रोलायझर-उत्पादकाला त्या रकमेचा ठरावीक हिस्सा देशी पटलाच्या संशोधनावर, देशातील प्रयोगशाळांत, खर्च करणे बंधनकारक करावे. काकिओकासारखा शंभर चौरस मीटरचा पट सोलापूरच्या उन्हात, जोधपूरच्या धुळीत आणि रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत असा तीन ठिकाणी उभारायला फार मोठी जागा लागत नाही. टेनिसच्या एका मैदानाच्या अर्ध्याहूनही कमी. जपानी उन्हात टिकलेले पटल वैशाखातल्या सोलापुरात किती दिवस टिकते, याचे उत्तर टोकियोत मिळणार नाही.